अमेरिकेला राष्ट्रपती नसतो

अमेरिकेला राष्ट्रपती नसतो. राष्ट्रपती आपल्याकडे असतो. अमेरिकेला अध्यक्ष असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत हे इतक्या संपादकांना, मुद्रितशोधकांना आणि चांगल्या शिकलेल्या मित्रांना सांगावे लागले आहे, की एकदा सविस्तर लिहून टाकलेले बरे.

मी लखनौत राहते आणि हिंदी-उर्दूतून मराठीत अनुवाद करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हजरतगंजातल्या कुठल्याही पेपरवाल्यापुढे उभे राहिले, तर एकच निवडणूक तीन भाषांत मांडलेली दिसत होती. इंग्रजीत ‘प्रेसिडेंट’, हिंदीत ‘राष्ट्रपति’, उर्दूत ‘सद्र’. तिन्ही भाषांची एक अडचण सारखीच आहे. व्हाइट हाउसमध्ये राहतो तोही प्रेसिडेंट आणि रायसीना टेकडीवर राहतो तोही प्रेसिडेंट. हिंदीत ट्रम्प राष्ट्रपति आणि द्रौपदी मुर्मूही राष्ट्रपति. उर्दूने आपल्या पदाला ‘सद्र-ए-जम्हूरिया’ असे शेपूट लावून पाहिले, पण मूळ शब्द तोच राहिला. मराठीत मात्र दोन पदांना दोन शब्द आहेत आणि यात आपण एकटे नाही. गुजराती वर्तमानपत्रे अमेरिकेच्या माणसाला ‘प्रमुख’ म्हणतात, कन्नड आणि तेलुगूत तो ‘अध्यक्ष’च असतो. दिल्लीतला तेवढा राष्ट्रपती. चार भाषांनी एकमेकींना न विचारता जो भेद सांभाळला, तो सांभाळण्याजोगा असला पाहिजे.

तो आता आपण हाताने पुसतो आहोत. गेल्या वर्षी एका उर्दू कथेचा मी केलेला अनुवाद एका प्रकाशनगृहातून तपासून परत आला. कथेतला म्हातारा १९६३ च्या नोव्हेंबरात रेडिओवर केनेडींच्या खुनाची बातमी ऐकतो. मूळ शब्द ‘सद्र’. मी ‘अध्यक्ष’ लिहिले होते. चारही ठिकाणी त्याचे ‘राष्ट्रपती’ झाले होते. फोन केला, तर उत्तर मिळाले, “मॅडम, हल्ली सगळे राष्ट्रपतीच लिहितात. अध्यक्ष म्हटलं की वाचकाला गणपती मंडळाचा अध्यक्ष आठवतो.”

या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग वस्तुस्थिती आहे. हिंदी वृत्तसंस्थांचा मजकूर घाईने मराठीत ओतला जातो, यंत्राने केलेले भाषांतर त्याहून घाईने, आणि त्यातून ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ वाहत येतात. पण ‘सगळे लिहितात’ हे कारण होऊ शकत नाही. त्या कथेतल्या म्हाताऱ्याचेच बघा. त्या दिवशी भारताचे राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन होते आणि पंतप्रधान नेहरू. बातमी ऐकून म्हाताऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, तो तिकडचे नेहरू गेले म्हणून. मराठी वाचकाला ‘राष्ट्रपती’ वाचून तिकडचे राधाकृष्णन गेल्यासारखे वाटले, तर कथेतला तो क्षण वाया गेला. शब्द बदलणाऱ्याला यात काहीच बदललेले दिसले नाही, माझी तक्रार तिथे आहे.

उत्तराचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. अध्यक्ष म्हटले की मंडळाचा अध्यक्ष आठवतो, पतसंस्थेचा आठवतो, जिल्हा परिषदेचा आठवतो. अगदी खरे आहे आणि म्हणूनच तो शब्द योग्य आहे. १७८९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या सिनेटपुढे हाच प्रश्न आला होता. या नव्या पदाधिकाऱ्याला संबोधायचे कसे? उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना काहीतरी भारदस्त, युरोपातल्या राजांच्या तोडीचे बिरुद हवे होते. सिनेटच्या समितीने तसे लांबलचक बिरुद सुचवलेही. प्रतिनिधीगृहाने ते मानले नाही. उरला तो साधा ‘प्रेसिडेंट’, म्हणजे सभेच्या खुर्चीत बसणारा. त्या काळी हा शब्द मंडळांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रमुखांनाही चालत होता. राजाला हाकलून आलेल्या लोकांनी तो राहू दिला, यात त्यांचे राजकारण होते.

आपला ‘अध्यक्ष’ शब्दही असाच जमिनीवरचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’. त्यात सीताध्यक्ष आहे, शुल्काध्यक्ष आहे, नावध्यक्ष आहे. शेती, जकात, नौका यांवर देखरेख करणारी, हिशेब द्यायला बांधलेली माणसे. प्रत्यक्ष कारभार करतो आणि त्या कारभाराबद्दल ज्याला धरता येते, तो अध्यक्ष. चार वर्षांच्या मुदतीवर नेमलेल्या, महाभियोगाला पात्र असलेल्या कार्यकारी प्रमुखासाठी याहून नेमका शब्द कुठून आणणार? उर्दूचा ‘सद्र’ही मूळचा सभेतल्या पुढच्या, मानाच्या जागेचा. आपल्या वाड्याची ‘सदर’ त्याच घराण्यातली. मालक जिथे बसून कारभार पाहतो ती जागा.

‘पती’ या शब्दाचा मार्ग वेगळा आहे. मराठी कानाला राष्ट्रपतीच्या शेजारी छत्रपती ऐकू येतो, ऐकू न येऊन चालणारच नाही. त्यात स्वामित्व आहे, ऐश्वर्य आहे. गंमत अशी, की आपल्या घटनेतल्या पदाला तो शब्द एका अर्थी शोभतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी हाच घोटाळा होईल हे ओळखून खुलासा केला होता. या पदाचे नाव ऐकून अमेरिकेची आठवण होईल, पण नावापलीकडे दोन्ही पद्धतींत साम्य नाही. आपल्या पदाचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, तो राष्ट्राचे प्रतीक आहे, राज्य चालवणारा नव्हे. इंग्रजीत नाव एकच असल्यामुळे त्यांना हा खुलासा करावा लागला. मराठीत तो करावाच लागत नाही, दोन शब्दच तो करतात. आंबेडकरांना जे भाषणातून सांगावे लागले, ते मराठी वृत्तसंपादक एका शब्दात सांगू शकतो. मग तो शब्द टाकून का द्यायचा?

हिंदीवर माझा राग नाही. ‘राष्ट्रपति’ हा शब्द हिंदी वृत्तपत्रांत रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर बनारसच्या मराठी घरातले होते. शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. स्वातंत्र्यापूर्वी राष्ट्रपती म्हणजे काँग्रेसचा निवडलेला अध्यक्ष. १९३६ च्या एप्रिलमध्ये याच लखनौत नेहरू काँग्रेसचे राष्ट्रपती म्हणून बोलले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरलाही तेच राष्ट्रपती होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त, ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख आला. शीर्षकातच ‘राष्ट्रपती’ होता आणि विषय होता नेहरूंमध्ये दडलेला संभाव्य हुकूमशहा. लेखक खुद्द नेहरू होते. म्हणजे ‘राष्ट्रपती’ या शब्दात सत्तेची नशा भरलेली होती तेव्हाच एका राष्ट्रपतीने तिचा धोका सांगितला होता. १९५० मध्ये तो शब्द सत्ता नसलेल्या पदाकडे गेला. आता तोच उचलून जगातल्या सर्वांत सत्ताधारी माणसाला लावायचा, म्हणजे घड्याळ उलटे फिरवायचे.

बिरुद आणि सत्ता यांचे व्यस्त प्रमाण लखनौच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १८०१ च्या तहात अवधचा निम्म्याच्या आसपास मुलूख कंपनीने घेतला. १८१९ मध्ये कंपनीच्याच प्रोत्साहनाने इथले नवाब ‘बादशाह’ झाले. मुलूख आटला आणि मुकुट चढला. हजरतगंज ज्यांच्या ‘हजरत’ या संबोधनावरून ओळखले जाते ते अमजद अली शाह, १८४२ ते १८४७ या काळातले असेच एक बादशाह. त्यांचे चिरंजीव वाजिद अली शाह यांना १८५६ मध्ये गादीवरून उतरवायला कंपनीला फारसे कष्ट पडले नाहीत. तेव्हा पदाचे नाव किती मोठे यावरून त्याची ताकद मोजू नये. अमेरिकेत नाव लहान, ताकद अफाट. आपल्याकडे नाव भव्य, ताकद मर्यादित, तीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाचे नाव दुसऱ्याला देऊ नये.

आणखी एक लहानशी गोष्ट. २००७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील या पदावर आल्या, तेव्हा ‘पती’चे काय करायचे यावर भरपूर शाई खर्च झाली. २०२२ मध्ये संसदेतल्या एका नेत्याच्या तोंडून त्या शब्दाचे ‘पत्नी’ रूप निघाले आणि माफी मागावी लागली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२४ मध्ये कमला हॅरिस निवडून आल्या असत्या, तर ‘पती’च्या जोरावर चालणाऱ्या वृत्तकक्षांत तीच चर्चा पुन्हा झाली असती. ‘अध्यक्ष’ हा शब्द महिला मंडळाने कधीच आपलासा केला आहे.

शब्दांच्या या घोळाने आपल्या राजकारणाचे काय होते, हे यापुढचे. लोकसभेच्या निवडणुकीला आपण आता सर्रास ‘अध्यक्षीय पद्धतीची लढत’ म्हणतो. एक चेहरा विरुद्ध दुसरा चेहरा, बाकी ५४३ मतदारसंघ म्हणजे फक्त मोजणीची टेबले. अध्यक्षीय पद्धत भारतात आणावी असे उघडपणे म्हणणारे लोक होते. १९८० च्या दशकात विदर्भातले वसंत साठे यांनी ती बाजू जाहीरपणे मांडली. मला ती पटत नाही, पण तो प्रामाणिक वाद होता: घटना बदला, असे ते म्हणत होते. आता घटना तशीच ठेवून फक्त बोलणे बदलले आहे. लखनौने १९९१ ते २००४ या काळात पाच वेळा अटलबिहारी वाजपेयींना निवडून दिले. हजरतगंजच्या चौकाला आता त्यांचेच नाव आहे. इथे कुणालाही विचारा, “हमने प्रधानमंत्री चुना” असे सांगतील. लखनौने खासदार निवडला; पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमताने ठरला. १९९९ च्या एप्रिलमध्ये तेच सरकार एका मताने पडले, तेव्हा लखनौच्या मतदाराला कुणी विचारले नाही, विचारायचे कारणही नव्हते. अमेरिकेत असे होऊ शकत नाही. तिथला अध्यक्ष काँग्रेसमधल्या एका मताने घरी जात नाही. दोन यंत्रे वेगळी आहेत. दोन्हींना एकच नाव दिले, की वाचकाला एकाच यंत्राची दोन मॉडेल वाटतात आणि मग आपल्या खासदाराला काही विचारायचे असते हेच तो विसरतो.

हे झाले जिथे तोडायचे तिथे जोडण्याबद्दल. याच्या उलट चूक आपण त्याच बातमीत करतो. जिथे जोडायचे तिथे तोडतो.

‘इलेक्टोरल कॉलेज’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा येतो. वाचकाला वाटते, असेल बुवा अमेरिकेतले काही कॉलेज. मग चौकटीत समजावून सांगायचे: ५३८ मते, जिंकायला २७०, ४८ राज्यांत जो पुढे त्याला सगळी मते, वायोमिंगच्या पावणेसहा लाखांना ३ आणि कॅलिफोर्नियाच्या साडेतीन-चार कोटींना ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे एक लाख नव्वद हजार माणसांमागे एक निर्वाचक आणि कॅलिफोर्नियात सात लाख तीस हजारांमागे एक. चौकट वाचून आपण मान हलवतो, काय विचित्र देश!

पण हजरतगंजच्या चौकातून चालत दहा-बारा मिनिटांवर उत्तर प्रदेशाचे विधान भवन आहे. तिथल्या एका आमदाराचे राष्ट्रपतींच्या निवडणुकीतले मत २०८ किमतीचे. महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५. सिक्कीमच्या आमदाराचे ७. आपल्या घटनेच्या चोपन्नाव्या अनुच्छेदातही तेच इलेक्टोरल कॉलेज आहे, आणि हिंदी पाठात त्याला ‘निर्वाचकगण’ असा स्वच्छ शब्द आहे. तो अमेरिकेच्या बातमीत वापरला, तर वाचक लगेच विचारील, आपल्याकडेही हेच आहे, मग फरक काय? फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे राज्य जिंकले म्हणून सगळी मते एकाला जात नाहीत. मताची किंमत लोकसंख्येला बांधलेली आहे, लहान राज्याला तिथल्यासारखा बोनस नाही. पण ती लोकसंख्या १९७१ ची आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून १९७६ मध्ये ती गोठवली आणि २००१ च्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठलेलीच ठेवली. २०११ च्या शिरगणतीवर हिशेब केला, तर उत्तर प्रदेशाचे २०८ जवळपास ४९६ होतात आणि महाराष्ट्राचे १७५ होतात ३९०. लोकसभेच्या जागांचा प्रश्नही याच गोठवणीत अडकलेला आहे. येत्या काही वर्षांत या देशात कुणाचे मत किती वजनाचे यावर मोठे भांडण होणार आहे. त्या भांडणासाठी लागणारा शब्द आपण अमेरिकेच्या पानावर इंग्रजीत कोंडून ठेवला आहे.

मराठी साहित्याच्या वाचकाला तर निर्वाचकगण समजावून सांगायचीही गरज नव्हती. काही वर्षांपूर्वीपर्यंत साहित्य संमेलनाचा अध्यक्ष हजारभर मतदार निवडत होते आणि कोट्यवधींची भाषा बाजूला बसून निकाल वाचत होती. ‘मतदारयादीत कोण आहे’ याला ‘वाचकांना कोण आवडतो’ याहून जास्त महत्त्व असते, हे आपण पेनसिल्व्हेनियाच्या आधी घरीच शिकलो होतो.

निकालाची भाषा त्याहून वाईट. ‘पॉप्युलर व्होट’चे ‘लोकप्रिय मते’ झालेले मी मराठीत छापलेले पाहिले आहे. मते लोकप्रिय नसतात. ती देशभरात लोकांनी दिलेली एकूण मते असतात. २००० मध्ये अल गोर यांना अशी मते पाच लाखांहून जास्त होती. फ्लोरिडा ५३७ मतांनी गेले आणि निर्वाचकांची मोजणी २७१ विरुद्ध २६६ अशी संपली. २०१६ मध्ये क्लिंटन यांना जवळपास २९ लाख मते जास्त, तरी ट्रम्प अध्यक्ष. एकूण मतांत मागे असूनही अध्यक्ष होण्याचे असे प्रसंग १८२४, १८७६ आणि १८८८ मध्येही घडले. १८७६ ला तर १८५ विरुद्ध १८४, फक्त एका मताचा फरक. २०२४ मध्ये ट्रम्प दोन्हीकडे पुढे होते: निर्वाचक ३१२ विरुद्ध २२६ आणि एकूण मतांतही आघाडी. तेव्हा आपल्याकडे लिहिले गेले, जनतेने बहुमत दिले. त्यांना पन्नास टक्क्यांना किंचित कमी मते मिळाली होती. ते मताधिक्य होते, बहुमत नव्हे. हा भेद ग्रामपंचायतीच्या निकालावर बोलणारा कोणताही मराठी माणूस चहा पिता पिता करतो. वॉशिंग्टनचे नाव आले, की आपली भाषा एकदम कच्ची का पडते?

सगळेच भाषांतरित करा, असा माझा हट्ट नाही. पक्षांची नावे तशीच राहावीत. ‘रिपब्लिकन’ला मराठीत स्वतःचे घर आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला, आंबेडकरांच्या कल्पनेतला पक्ष तो. त्याआधीच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. अमेरिकन रिपब्लिकनांचेही प्रतीक हत्ती. लखनौत तो हत्ती बहुजन समाज पक्षाचा. इथल्या स्मारकांतले दगडी हत्ती २०१२ च्या निवडणुकीआधी आयोगाच्या आदेशाने झाकले गेले होते. एकच शब्द आणि एकच जनावर, तरी तिन्ही ठिकाणी राजकारण वेगळे. तिथे वाचकाला भाषांतर नको असते, संदर्भ हवा असतो, आणि एका वाक्यात तो देता येतो.

‘वाचकाला कळतं हो, एवढं काय त्यात’ असे मला सांगितले जाते. वाचकाला कळते, कारण आजवर शब्द त्याच्या बाजूने होते. शब्द काढून घेतल्यावरही त्याला कळत राहील, हा भरवसा मला नाही. हिंदीत ज्यांना अमेरिकेचा आणि भारताचा ‘राष्ट्रपति’ यांतला फरक समजावून सांगायचा असतो, त्या शिक्षकांना आणि पत्रकारांना दरवेळी एक परिच्छेद खर्च करावा लागतो. तो परिच्छेद मराठीने वाचवलेला आहे. आयती मिळालेली ही पुंजी हिंदीच्या देखादेखी उधळण्यात मोठेपणा नाही, हिंदीलाही त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा मराठी संपादकांकडे मागणे एवढेच. अमेरिकेसाठी ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहा. ‘राष्ट्रपती’ आपल्या पदासाठी राखा. ‘निर्वाचकगण’ दोन्हीकडे वापरा. ‘एकूण मते’, ‘मताधिक्य’ आणि ‘बहुमत’ वेगवेगळे ठेवा. आणि अनुवादकाने विचार करून लिहिलेला शब्द बदलण्याआधी त्याला एक फोन करा. सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. तेव्हा इथल्या विधान भवनात २०८ किमतीची मते पडतील. अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक त्यानंतर, ७ नोव्हेंबर २०२८ ला. पहिली बातमी नीट शब्दांत लिहिली, तर दुसरी समजावून सांगायला चौकट लागणार नाही.